सरकारजमा तास

मार्च लागतो तेव्हा अमेरिकेत दिवस आपणहून मोठा होतच असतो. पण सूर्याच्या कारभारावर सरकारचा भरवसा नाही. म्हणून दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता थेट तीन वाजवले जातात. एक तास सरकारजमा; पावती नाही, परतफेड नोव्हेंबरात, बिनव्याजी. नुकतं कुठं सकाळी लवकर उजाडायला लागलेलं असतं, तेही गेलं.

१८९५ मध्ये ही कल्पना मांडणारे न्यूझीलंडचे जॉर्ज हडसन कीटक गोळा करायचे. कामावरून सुटल्यावर किडे पकडायला उजेड हवा, एवढीच त्यांची माफक अपेक्षा! १९७४ मध्ये अमेरिकेनं हे पुढे केलेलं घड्याळ वर्षभर चालवायला घेतलं. जानेवारीत मुलं मिट्ट काळोखात शाळेला निघाली आणि हौस फिटली. २०२२ मध्ये सिनेटनं तेच पुन्हा बिनविरोध मंजूर केलं. प्रतिनिधिगृहात ते विधेयक झोपलं. (त्याचीही झोप अपुरी झाली असणार.) हवाई या भानगडीत पडत नाही, तिथंही सूर्य वेळेवर उगवतो म्हणे.

पुण्याहून न्यू जर्सीला फोन लावणाऱ्या आजी-आजोबांनी एवढं ध्यानात ठेवावं: नोव्हेंबरपर्यंत फरक साडेदहा नव्हे, साडेनऊ तासांचा.