नॉबराव

नॉबराव डोंबिवलीत असतात, कोथरूडमध्ये असतात, नाशिकला कॉलेज रोडवरही एक आहेत. वय पंचविशीच्या आसपास, हुद्दा म्युझिक प्रोड्युसर, स्टुडिओ म्हणजे घरातली आतली खोली. भिंतींना गाद्या टेकवलेल्या, पंखा बंद, दारावर 'रेकॉर्डिंग चालू आहे' अशी चिठ्ठी. या चिठ्ठीला आईने आजवर एकदाही भीक घातलेली नाही.

गाणं कुठलंही येवो, नॉबराव आधी त्यावर फिल्टर टाकतात. गाणाऱ्या ताईंनी तोंड उघडण्याआधीच यांचं निदान तयार: "खाली फार घुमतंय, लो कट मारू." आता लो कट ८० हर्ट्‌झवर लावणं यात गैर काहीच नाही. रस्त्यावरचा ट्रक, शेजाऱ्यांचं वॉशिंग मशीन, टेबलाला बसलेला धक्का, सगळं तिथेच खाली गुरगुरत असतं आणि ताईंचा आवाज काही तितका खाली उतरत नाही. पण हात ८०वर थांबला तर ते नॉबराव कसले! १२०, २००, ३००. मग स्लोप. एका सप्तकाला १२ डेसिबलचा उतार त्यांना मिळमिळीत वाटतो, त्यांना ४८चा कडाच हवा. आणि ताईंच्या ट्रॅकवरचा हा प्रयोग साधला की तोच फिल्टर उचलून अख्ख्या गाण्यावर. डग्ग्याची घुमक गेली, पेटीचा खर्ज गेला, अभंग थेट लँडलाइनवरून यायला लागला. जुन्या टेलिफोनवरही ३०० हर्ट्‌झच्या खालचं फारसं काही पोचत नसे. नॉबराव मान डोलावतात. "क्लीन!"

मान डोलते, पण नजर स्क्रीनवर. यांचं ऐकणं डोळ्यांनी चालतं. फिल्टरच्या खिडकीतली ती निळी रेषा झोकात वळली की आवाज सुधारला. कटऑफ, म्हणजे फिल्टर जिथून कापायला लागतो ती जागा, ८४७वरून ८४९वर न्यायचा तर शिफ्टची कळ दाबून, श्वास रोखून, जीभ दातांत धरून माउस केसभर वर सरकवतात. हे दोन हर्ट्‌झ ओळखणारा कान अजून जन्माला यायचाय. पण त्या क्षणी खोलीत कोणी शिंकलं तर खैर नाही.

खरं व्यसन मात्र रेझोनन्सचं. कटऑफपाशी आवाजाला उंचवटा आणणारा हा नॉब. थोडा दिला तर सूर नाकातून बोलायला लागतो, आणि काही फिल्टरांत शेवटपर्यंत पिळला तर फिल्टर स्वतःच शीळ घालतो. नॉबराव शेवटपर्यंतच पिळतात. स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अरे, कुकर कधीच उतरवला मी, ही शिट्टी कुठली?" मग आईला चरणजित सिंगांची हकिगत ऐकावी लागते. मुंबईच्या या वादकाने १९८२ साली, कटऑफ आणि रेझोनन्सचे नॉब असलेलं रोलँडचं टीबी-३०३ यंत्र साथीला घेऊन डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवले. तेव्हा त्या रागांच्या तबकडीला फारसं कुणी विचारलं नाही आणि पुढे तिच्यात ॲसिड हाउस या नृत्यसंगीताची चाहूल ऐकून जग थक्क झालं. हकिगत खरी आहे. फक्त चरणजित सिंगांना राग येत होते, हा तपशील नॉबराव घाईत गाळतात.

फिल्टर बाजूला सारून मूळ आवाज ऐकवणारं बायपासचं बटण ते फक्त पाहुण्यांसाठी वापरतात. "हे आधीचं... आणि हे आता!" आताचं भारी वाटतंच, कारण रेझोनन्सने आवाज चढलेला असतो आणि चढलेला आवाज कुणालाही बरा वाटतो. आउटपुट तेवढाच उतरवून मग तुलना करायची असते. आउटपुटचा नॉब मात्र त्या खिडकीत विकत घेतला तसाच कोरा आहे.

संध्याकाळी तबलजी काका मिक्स ऐकायला आले. हेडफोन लावला, शेवटपर्यंत ऐकलं, काढला.

"तबला कुठाय?"

"आहे ना काका. फील होतोय."

"मग माझं मानधनही फीलच करायचं का?"

"तसं नाही हो, थांबा, जरा उघडतो," म्हणत नॉबरावांनी माउस धरला. काकांनी तबल्याची पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि वाकून पाहिलं. हात रेझोनन्सवरच गेला होता.