परतीच्या तिकिटावर डोळा ठेवणाऱ्या घरमालकास

घरमालक महाशय,

पत्राची सुरुवात सप्रेम नमस्काराने करायची आमच्याकडे रीत आहे. तुमच्या बाबतीत ती मी पाळणार नाही. माझं फ्रेंचमधलं रजिस्टर पत्र तुम्हाला मिळालंय. पोचपावतीवर सही तुमचीच आहे. हे दुसरं पत्र मुद्दाम मराठीत आणि चारचौघांसमोर लिहितेय. येत्या ऑक्टोबरात फ्रान्समधल्या तुमच्या गावात, कदाचित तुमच्याच दारात, शाळेतली इंग्रजीची भाषा-सहायक म्हणून येऊन उभी राहणारी मुलगी आत्ता पुण्यात कुठेतरी बॅग भरत असेल. तुम्ही तिच्याशी कसे वागाल हे मला ठाऊक आहे. तिलाही ते आधीच कळलेलं बरं.

ही नोकरी कशी असते हे तुम्हाला पक्कं माहीत आहे आणि तुमचा सगळा डाव त्यावरच बेतलेला आहे. १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल, असे सात महिने. आठवड्याला बारा तास. हातात पडतात महिन्याला साधारण ८०० युरो, तेही महिना भरल्यावर. पगारासाठी तिथलं बँक खातं लागतं. खातं उघडायला पत्त्याचा पुरावा लागतो. आल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो, त्यातही पत्ता भरायचा असतो. म्हणजे सगळ्यात आधी घर. तुमच्या क्रोझसारख्या जिल्ह्यात बंद पडलेली घरं गल्लोगल्ली दिसतात, पण शाळेपर्यंत पायी जाता येईल अशी भाड्याची जागा मिळणं कठीण. सकाळी पहिली बस किती वाजता आहे आणि रविवारी ती नाहीच, हे कळलं की पोरगी मुकाट्याने तुमच्याकडे येते. तुम्हाला जाहिरातसुद्धा द्यावी लागत नाही.

मी अशीच सहायक म्हणून आले तेव्हा तुम्ही भाड्याच्या तिप्पट पगार असलेला, फ्रान्समध्ये राहणारा जामीनदार मागितलात. त्या देशात माझ्या ओळखीचं कुणीही नव्हतं, आणि हे मी तुम्हाला सांगितलं होतं. आक्सियों लोजमाँ या संस्थेची ‘व्हिसाल’ नावाची हमी तिशीपर्यंतच्या भाडेकरूला फुकट मिळते. भाडं थकलं तर ते मालकाला भरून देतात. त्याचा कागद मी पुढे केला तर तुम्ही तो वाचलाही नाहीत. अशा थोड्या मुदतीच्या कामावर येणाऱ्यांसाठी २०१८च्या कायद्याने एक ते दहा महिन्यांचा वेगळा भाडेकरार आणला, आणि त्यात डिपॉझिट घ्यायला बंदी आहे. तो करणं तुमच्यावर बंधनकारक नव्हतं, हे मला मान्य आहे. तुम्ही सज्जड दोन महिन्यांचं डिपॉझिट घेतलंत, ७६० युरो. सजवलेल्या घरासाठी कायदा जास्तीत जास्त जेवढं घेऊ देतो तेवढं, एक युरोही कमी नाही. माझ्यासाठी जामीन राहिली ती शाळेतली इंग्रजीची शिक्षिका. मला ओळखून तिला आठवडाही झाला नव्हता. तिने सही केली तेव्हा कुठे तुम्ही किल्ली काढलीत.

आता त्या घराबद्दल. तुमच्या करारात ‘चांगल्या स्थितीत’ हे शब्द प्रत्येक ओळीपुढे लिहिलेले आहेत. झोपायच्या खोलीतला विजेचा हीटर मेलेला होता. बाहेरच्या खोलीतला चालू केला की जळक्या धुळीचा वास सुटायचा आणि ऊब हातभर अंतराच्या पलीकडे जायची नाही. नोव्हेंबर लागला तसं रोज सकाळी काचेच्या आतल्या बाजूने पाणी ओघळायला लागलं. लाकडी चौकट फुगली, खिडकी नीट लागेना, मी फटीत टॉवेल कोंबायची. मग कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके आले. क्लोरीनच्या पाण्याने पुसले की चार दिवस जायचे आणि परत यायचे. न्हाणीघरात हवा जाण्यासाठी जी जाळी असते तिच्यावर तुम्ही कधीतरी पांढरा रंग फासला होता. भोकं पार बुजलेली. नखाने खरवडून पाहिली तर आत रंगाचे दोन थर निघाले. कोट घालून, गुडघ्यांवर गोधडी घेऊन मी दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करत बसायची. बोटं आखडायची म्हणून मध्येच चहाचा कप हातात धरून बसायचं, आणि पुन्हा लिहायला घ्यायचं.

हे दाखवायला मी तुम्हाला बोलावलं तेव्हा तुम्ही ओट्याकडे बघितलंत, मोहरी-जिऱ्याच्या बरण्यांकडे बघितलंत आणि म्हणालात, तुम्ही लोक फार शिजवता, वाफेने भिंत खराब होते. माझ्या वरणाच्या फोडणीने तुमच्या भिंतीला बुरशी आली म्हणे! ओल धरलेली भिंत, न तापणारी खोली आणि तुमच्याच हाताने बुजवलेली जाळी यांच्याबद्दल चकार शब्द नाही. राहण्याजोगं घर देणं, त्यात चालणारी उष्णतेची सोय असणं ही मालकाची जबाबदारी आहे. १९८९च्या भाडे-कायद्यात आणि २००२च्या शासकीय आदेशात ती स्वच्छ लिहिलेली आहे. माझ्या स्वयंपाकाचा त्यात कुठेही उल्लेख नाही.

घरात शिरताना आणि घर सोडताना मालक-भाडेकरूने मिळून करायची नोंद, ‘एता दे लियो’, ही पुढच्या मुलीने नीट लक्षात ठेवावी. तुम्ही ती भराभर वाचून दाखवता, नवीन माणसाला निम्मं समजत नाही याची खात्री असल्यासारखी. पण शिरल्यापासून दहा दिवसांत तीत भर घालता येते, आणि हीटरची भर तर थंडीचा हंगाम सुरू झाल्यापासून महिनाभर घालता येते. मी ती घातली, फोटो जोडले, पोस्टाने पाठवली. उत्तर आलं नाही. भाड्याची पावती मागितली; मागितल्यावर ती फुकट द्यावीच लागते, तरी तुम्ही पुढच्या महिन्यावर ढकलत राहिलात. तीही आली नाही. घर ऊर्जेच्या कोणत्या वर्गात मोडतं हे सांगणारा तक्ता करारासोबत असायलाच हवा, तो माझ्या हाती कधी पडला नाही. पोरी, तो आधी माग. ‘जी’ या सर्वांत खालच्या वर्गातलं घर १ जानेवारी २०२५ पासून नव्या कराराने भाड्याने देता येत नाही.

आणि मग एप्रिलची अखेर. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पॅरिसची गाडी होती आणि तिथून विमान. तुम्ही मोबाइलचा दिवा लावून घरभर फिरलात, कपाट ओढून मागच्या डागांचे फोटो काढलेत, अख्खी भिंत नव्याने रंगवावी लागेल म्हणालात. दरपत्रक मागितलं तर नंतर पाठवतो म्हणालात. अजून आलेलं नाही. तेव्हा तुम्ही एकसारखे घड्याळाकडे बघत होतात. मला तिथेच सगळं उमगलं. मी जाणार हे तुम्ही ऑक्टोबरातच हिशेबात धरलं होतं. व्हिसा संपलेली, सात हजार किलोमीटरवर गेलेली मुलगी ७६० युरोंसाठी काय करेल, रडेल आणि गप्प बसेल, हा तुमचा अंदाज. पुण्यात पेठेतल्या खोल्यांमध्ये राहून शिकलेल्या मुलांना असे मालक भेटलेले असतात, पण त्यांना निदान दार वाजवायला परत येता तरी येतं.

तुमच्या जिल्ह्याने हे सगळं सोसलेलं आहे, म्हणून मला जास्त संताप येतो. एकोणिसाव्या शतकात क्रोझचे गवंडी वसंतात पॅरिसला निघायचे, हंगामभर शहर बांधायचे आणि हिवाळ्याला घरी परतायचे. मार्तां नादो चौदा वर्षांचा असताना, १८३० साली, बापाबरोबर असाच निघाला. पुढे तो लोकप्रतिनिधी झाला आणि त्याने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. एका खोलीत कोंबलेल्या खाटा, एका खाटेवर दोघे, आणि हंगामी माणूस म्हणून त्याच्या जिवावर पैसे करणारे लोक, हे सगळं त्या गवंड्यांच्या वाट्याला आलं होतं. १८५१ मध्ये जिल्ह्यात २,८७,००० माणसं होती. आज सव्वा लाखही नाहीत. शाळा वर्ग टिकवण्यासाठी झगडतात. मी शिकवलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांनी भारतातलं माणूस पहिल्यांदाच पाहिलं होतं. पहिल्या तासाला मागच्या बाकावर तोंड लपवणारा मुलगा मार्चमध्ये माझ्याशी कबड्डीच्या नियमांवरून इंग्रजीत हुज्जत घालत होता. बेकरीवाल्या काकू सोमवारी दुकान बंद म्हणून रविवारी संध्याकाळी माझ्यासाठी पाव बाजूला ठेवायच्या. शिक्षिका शनिवारी गाडीतून बाजाराला न्यायची. गावाने मला सांभाळलं. त्या गावात यायला पुढच्या वर्षी कुणी नकार दिला तर त्याचं कारण तुम्ही असाल.

तर आता हिशेब. रोजच्या वापराने झालेली झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. कापलेल्या प्रत्येक युरोसाठी पावती किंवा दरपत्रक लागतं. घरात दोष निघाला असं मानलं तरी चाव्या मिळाल्यापासून दोन महिन्यांत डिपॉझिट परत द्यायचं असतं. ती मुदत जून संपताना संपली. त्यानंतर सुरू होणाऱ्या दर महिन्याला मूळ भाड्याच्या दहा टक्के दंड, म्हणजे ३८० च्या भाड्यावर ३८ युरो. भाडेकरूने नवा पत्ता दिला नसेल तर मालक या दंडातून सुटतो, म्हणून माझा पुण्याचा पत्ता मी चाव्यांसोबत लिहून दिला होता आणि त्या कागदावर तुमची सही घेतली होती. जुलै गेला, ऑगस्ट लागला. ७६० अधिक ७६, एकूण ८३६ युरो. गेरेच्या प्रेफेक्चरकडच्या, म्हणजे जिल्हा प्रशासनाच्या, सलोखा समितीकडे माझा अर्ज गेलाय. त्याला पैसे पडत नाहीत आणि फ्रान्समध्ये हजर असण्याचीही अट नाही. माझं तिथलं बँक खातं मी बंद केलेलं नाही. १ सप्टेंबरला रक्कम ८७४ होईल.