कॉर्पोरेट ऑफिस: साडूचं घर

खडवलीत भाजणी काकू भाजतात आणि पत्ता काका शिजवतात.

दोघांची नावं सांगण्यात अर्थ नाही. कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलच्या दर डब्यात असा एक तरी काका सापडतो. नोकरी संपलेली, फंडाचे पैसे आलेले, डोंबिवलीतलं वन रूम किचन विकून खडवलीत अंगणवालं घर घेतलेलं आणि बायकोच्या हाताला चव. चव बायकोची असल्यामुळे धंद्याची मालकी आपोआप काकांकडे येते. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला ही सगळी कामं 'प्रॉडक्शन'मध्ये मोडतात, त्यात काका ढवळाढवळ करत नाहीत. त्यांच्याकडे एकच खातं आहे. पाकिटावर पत्ता कुठला छापायचा?

"खडवली छापलं की संपलं," काका सांगतात. "समोरचा लगेच विचारतो, टिटवाळ्याच्या अलीकडे की पलीकडे?"

मध्य रेल्वेवर माणसाची पत स्टेशनागणिक उतरत जाते, असा काकांचा सिद्धांत आहे. दादर म्हणजे दादर. ठाण्यापर्यंत ठीक. डोंबिवलीला निदान सुसंस्कृत म्हणतात. कल्याणला रूळ फुटतात, तिथे माणसाचं नशीबही फुटतं. मग शहाड, आंबिवली, टिटवाळा आणि खडवली. टिटवाळ्याला महागणपती तरी आहे. खडवलीला भातसा आहे, पण नदी लेटरहेडवर कशी छापायची? काकांनी एकदा 'रिव्हरसाइड' असं छापून पाहिलं. आलेल्या पहिल्या तीन फोनांत भाजणीची चौकशी कुणी केली नाही. खोलीचं एका रात्रीचं भाडं सगळ्यांनी विचारलं.

तेव्हा काकांनी पहिली उडी डोंबिवलीवर मारली. पुतणीचं घर, पूर्वेला, पिन 421201. पाकिटं छापून आली आणि काकांचा चेहरा पडला. सुरुवातीचे आकडे तेच! 421 काही पिच्छा सोडेना. डोंबिवली 421, कल्याण 421, उल्हासनगर 421. या सगळ्याला जबाबदार एक मराठी माणूसच निघावा, याचं काकांना विशेष दुःख आहे. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी 15 ऑगस्ट 1972 रोजी पिनकोड सुरू केला. एकाच नावाची अनेक गावं, पत्ते लिहिण्याच्या नाना भाषा आणि नाना लिप्या, त्यातून पत्राला वाट मिळावी एवढाच हेतू. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कचेरीचे. काकांनी त्यात वर्णव्यवस्था पाहिली. 400 ते वरचे, 421 ते आपण.

आणि ठाण्याला मात्र 400! जिल्हा तोच, कलेक्टर तोच, पण नौपाड्याचा पिन 400602. नौपाड्यात काकूंचे मेहुणे म्हणजे काकांचे साडू राहतात, हा योगायोग काकांनी वाया जाऊ दिला नाही. पाकिटावर छापलं: 'कॉर्पोरेट ऑफिस, नौपाडा, ठाणे पश्चिम'. उद्यम नोंदणीच्या अर्जात कारखान्याचं ठिकाण वेगळं आणि कार्यालयाचा पत्ता वेगळा असे दोन रकाने दिसले, तेव्हा सरकारने आपली व्यथा ओळखली असं त्यांना वाटलं. जीएसटीची त्यांना गरज नव्हती, उलाढाल 40 लाखांच्या आसपाससुद्धा फिरकत नव्हती. तरी जागा दुसऱ्याची असेल तर मालकाचं संमतीपत्र आणि वीजबिल लागतं हे कळल्यावर दोन्ही कागद त्यांनी साडूंकडून हौसेनं आणून फायलीला लावले.

दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग लोक कॉर्पोरेट ऑफिसला यायला लागले. पत्ता छापला की माणूस येतो, ही शक्यता काकांनी धरलीच नव्हती. सकाळी साडेसातला बेल वाजायची आणि दारात पिशवी घेतलेले आजोबा उभे: "चकलीची भाजणी दोन किलो." साडू बनियनवर. कुरियरने परत आलेली पाकिटं वॉचमनच्या खुर्चीखाली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली, त्यात 'व्यापारी वापर' या शब्दांखाली दोन रेघा. शेवटी साडूंच्या बायकोने बहिणीला फोन केला. त्या फोनमध्ये काय बोलणं झालं ते काकांना कळलं नाही, पण जेवायला दोन दिवस मेतकूट-भातच होता.

काका खचले नाहीत. उलट त्यांनी थेट वांद्रे-कुर्ला संकुलातल्या व्हर्च्युअल ऑफिसची चौकशी केली. 400051! खुर्ची नाही, टेबल नाही, फक्त पत्ता आणि त्याचं दरमहा भाडं. "म्हणजे नसलेल्या जागेचं भाडं भरायचं?" काकूंनी विचारलं. "ब्रँड व्हॅल्यू," काका म्हणाले.

इथे काकू पहिल्यांदा दुसऱ्या खात्यात शिरल्या. अन्न सुरक्षेची नोंदणी त्यांनी आधीच स्वतःच्या नावावर, खडवलीच्या स्वयंपाकघराच्या पत्त्यावर केली होती. पदार्थ जिथे बनतो तिथली नोंद लागते, साडूच्या दिवाणखान्याची चालत नाही. पाकीटबंद मालावर उत्पादकाचा पूर्ण पत्ता हवा, गिऱ्हाइकाला शोधत येता येईल असा, हेही त्यांना ठाऊक होतं. काकांनी तडजोड सुचवली: वांद्रे मोठं, खडवली बारीक. पण अक्षराची किमान उंचीसुद्धा नियमात ठरलेली निघाली. नियम करणाऱ्यांना काका कुठेतरी भेटलेले असावेत.

नवीन पाकीट काकूंनी छापून आणलं. घराचा नंबर, 'मु. पो. खडवली, ता. कल्याण, जि. ठाणे', ठसठशीत. काकांनी चार दिवस त्या गठ्ठ्याकडे पाहिलं नाही.

आणि भाजणी खपायला लागली. तीही नौपाड्यात! 'मु. पो.' वाचून तिथल्या बायका म्हणू लागल्या, "गावाकडची दिसते, जात्यावरची असेल." प्रत्यक्षात ती स्टेशनजवळच्या गिरणीत दळलेली असते. पण तसं पाकिटावर कुठेही लिहिलेलं नाही आणि लिहावं असा नियमही नाही. पावसाळ्यात भातसेवर आलेली ठाणेकर मंडळी परतताना पत्ता विचारत अंगणात येतात, थालीपीठ खातात आणि किलो किलो भाजणी बांधून नेतात.

काका आता शांत आहेत असं समजू नका. टपाल खात्याने 2025 मध्ये डिजिपिन आणला, चार मीटर लांब-रुंद अशा प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांचा स्वतंत्र कोड. काकांनी मोबाइल घेऊन घरभर फेरी मारली. स्वयंपाकघराचा कोड वेगळा, ओटीचा वेगळा! आता ओटी म्हणजे हेड ऑफिस. तिथून ते फॅक्टरीला हाक मारतात, "चहा पाठवा." फॅक्टरी ऐकू आल्याचं दाखवत नाही.

परवा वासिंदचे एक मसालेवाले ओटीवर आले होते. त्यांची अडचण नाजूक होती. वासिंद छापलं की लोक फार लांब समजतात. खडवली एक स्टेशन मुंबईच्या जवळ पडतं, तेव्हा पाकिटावर काकांचा पत्ता टाकला तर चालेल का?

काकांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि दरमहा भाडं सांगितलं.