शपथेला खाट लागत नाही

व्यसनमुक्तीची शपथ हे आपल्या सरकारचं सर्वांत स्वस्त औषध आहे. डॉक्टर लागत नाही, खाट लागत नाही, आणि दुष्परिणाम म्हणाल तर तेवढा एक फोटो. १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत सुरू झालेलं नशामुक्त भारत अभियान दहा कोटींहून अधिक लोकांपर्यंत पोचल्याचं केंद्र सरकार सांगतं. त्याच सरकारने 'एम्स'कडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत अफूजन्य नशेपायी मदतीची गरज असलेली माणसं निघाली सुमारे ७७ लाख. केंद्राच्या अनुदानावर संस्था चालवतात ती निवासी व्यसनमुक्ती केंद्रं देशभरात साडेतीनशेच्या घरात. प्रत्येकात उदार मनाने ३० खाटा धरू आणि दर महिन्याला नवी तुकडी घेऊ. निव्वळ या खाटांवर सगळ्यांचा नंबर लागायला एकसष्ट वर्षं लागतील. तोवर शपथ आहेच.

आपल्याकडे तर माल दाराशी येतो. भिवंडी-कल्याण पट्ट्यात पोलीस वरचेवर कोडीनयुक्त कफ सिरपच्या बाटल्या पकडतात, आणि कल्याण स्थानकाच्या स्कायवॉकवरचे गर्दुल्ले ही बातमी राहिलेली नाही, तो पत्ता झाला आहे. अशा ठिकाणी काम करू पाहणाऱ्या छोट्या संस्थेने अनुदान मागितलं की तिचं पुनर्वसन आधी कागदांत होतं. दर्पण पोर्टलवरची नोंदणी, लेखापरीक्षित ताळेबंद, अनुभवाचे दाखले, मग उपयोगिता प्रमाणपत्र नमुना १२-अ. आधीची शिल्लक किती, आले किती, खर्चले किती, उरले किती. कफ सिरप सोडून आठ महिने झालेला मुलगा यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. बॅनर मात्र बसतो, कारण त्याची पावती मिळते.

यावर साहेब लोकांचं म्हणणं असतं की, कागद मागितले नाहीत तर बोगस संस्था पैसे खातील. भीती खरी आहे. पण सगळ्यात नेटकी फाइल असते कुणाची? रुग्णामागे धावण्यात ज्याचा वेळ जात नाही, त्याची. चाळणीतून तो अलगद पार पडतो आणि अडकते ती तीन कार्यकर्त्यांची, हिशेबनीस परवडत नसलेली संस्था. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं ते पु. ल. देशपांडे यांच्या एक लाखाच्या देणगीवर, आणि जागा मिळाली येरवड्याच्या मनोरुग्णालयात, म्हणजे सरकारचीच. आज हाच अर्ज टेबलावर आला असता तर पहिला शेरा पडला असता: 'संस्था नवीन, पूर्वानुभव नाही, सबब नामंजूर.'

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. या आजारात माणूस पुन्हा घसरतो. मग अनुदान निकालाला बांधलं तर संस्था सोपे रुग्ण निवडतील, अवघड रुग्ण रस्त्यावरच राहतील. अगदी मान्य. म्हणून 'किती सुटले' हा आकडा मागूच नये. उपचार संपल्यावर तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात संस्थेचा माणूस त्या घरी गेला का, एवढंच विचारावं. घसरलेल्याकडे गेला असेल तर दोनदा शाबासकी. हे तपासायला सोपं आहे, आणि उद्घाटनाला बोलावता येत नाही ही त्याची एकमेव उणीव.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी पुढच्या अर्थसंकल्पात जनजागृतीच्या शीर्षाखालचे काही पैसे काढून अशा घरभेटी करणाऱ्या समुपदेशकांचा बारा महिन्यांचा पगार सुटा दाखवावा, आणि तो दरमहा द्यावा. दरम्यान कुणाच्या घरात गरज असेल तर राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे. फोनला पैसे पडत नाहीत.