दुतोंड्या मारुतीची साक्ष

नाशिकवर जुन्या काळचा रहस्यपट काढायचा तर कथा आयती आहे. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, 'शारदा'चा प्रयोग, कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंच्या ब्राउनिंगमधून गोळ्या. कान्हेरे जागीच पकडले गेले, तेव्हा रहस्य पदरचं घालावं लागेल. तेही घालतील! निर्मात्याला ड्रोनशॉट हवा, म्हणून ऐन डिसेंबरात गोदेला पूर. फौजदार घाट उतरायला लागतो तेव्हा पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीशी, खाली पोचतो तोवर घोट्याशी. मागे वायनरी. फौजदाराची मिशी कधी डावीकडून सुटलेली, कधी उजवीकडून. आणि सुरुवातीला पाटी: 'सखोल संशोधनावर आधारित'!

अशा गमती जुन्या सिनेमातही होत्या. दादासाहेब फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच; सीतेचे दंड चांगले पिळदार. पण संशोधनाची पाटी फाळक्यांनी लावल्याचं ऐकिवात नाही.