धुणंखातं

बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांची खाती सांभाळली म्हणून असेल कदाचित, पण निवृत्त झाल्यावर घरच्यांनी एकमताने माझ्याकडे धुणंखातं सोपवलं. स्वयंपाकखातं हिने स्वतःकडे ठेवलं, गृहखातं आईकडे होतंच, आणि अर्थखातं माझ्याकडे कधीच नव्हतं. मला वाटलं, बरं झालं, मशीन आहे, बटण दाबायचं आणि पेपर वाचत बसायचं. तेव्हा मुलुंडमध्ये लोक इतके पळत नव्हते.

आता पळतात. पहाटे दूध आणायला खाली उतरावं, तर ९० फुटी रस्त्यावर निम्मी सोसायटी घामाघूम होऊन सामोरी येते. तिकडे योगी हिलच्या चढावर, आरेच्या रस्त्यांवर, पवई तलावाच्या काठी आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कात हाच प्रकार. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि उपनगरांतल्या कपाटांचं रूपच पालटलं. पूर्वी घरोघरी नावं घातलेली स्टीलची भांडी साठायची, तसे आता पाठीवर प्रायोजकांची नावं घातलेले टी-शर्ट साठतात. आमची सून पळते, चिरंजीव वजनं उचलतात, नात पोहते आणि ही योगासनं करते. मी या सगळ्यांचे कपडे वाळत घालतो. व्यायाम तोही आहे, पण त्याचं पदक कोणी देत नाही.

एवढ्या अनुभवावर एक सांगतो. खेळाचा कपडा मैदानात खराब होत नाही. तो घरी, मोरीत, प्रेमळ माणसांच्या हातून मरतो.

आमच्या आईचं उदाहरण घ्या. ती परळच्या चाळीत वाढली. वडील गिरणीत होते, त्यामुळे कापड म्हणजे सूत, आणि धुणं म्हणजे सुताशी केलेली झटापट. भिजवायचं, साबणाची वडी फासायची, दगडावर आपटायचं, पिळायचं, नीळ घालायची आणि कडक उन्हात टाकायचं. हे शास्त्र चुकीचं नव्हतं. सूत ओलं झाल्यावर उलट बळकट होतं, म्हणून तर ते दगडावरचा मार सोसतं. तो मार न सोसणाऱ्या कपड्याला आमच्याकडे कपडा म्हणतच नसत.

आटण्याचा प्रश्नही त्या पिढीने सोडवलेला होता. मागावर आणि पुढच्या प्रक्रियेत सुती कापड ताणलेलं राहतं. पहिल्यांदा पाण्यात पडलं, त्यात पाणी ऊन असलं, की तो ताण सुटतो आणि कापड आखूड होतं. म्हणून कोरं कापड शिंप्याकडे द्यायच्या आधी रात्रभर भिजवून काढायचं. शिंपी आत दोन बोटं माया ठेवायचा. आणि जरा महाग ताग्याच्या काठावर ‘सॅन्फोराइझ्ड’ असा छाप असायचा. सॅनफर्ड क्लुएट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९३० च्या सुमारास कापड विकण्याआधीच यंत्रात दाबून आटवून टाकण्याची युक्ती काढली, त्याचा तो छाप. आईला क्लुएट ठाऊक नाही, पण तो छाप नसलेलं परकराचं कापड ती आजही घेणार नाही.

घोटाळा असा, की सुनेच्या कपड्यांत सूत औषधालाही नाही. ते पॉलिएस्टर. व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा इंग्रजांनी १९४१ साली ते शोधलं. घरच्या धुण्यात ते आटत म्हणून नाही. पण त्याच्या जोडीला ताणला जाणारा जो धागा असतो, ज्याला आपण सरसकट लायक्रा म्हणतो, तो १९५८ साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तयार केला, आणि तो स्वभावाने फार हळवा आहे. उकळतं पाणी, क्लोरीनचं ब्लीच, तापलेली इस्त्री, यांतलं त्याला काही सोसत नाही. एकदा दुखावला, की पुन्हा आवळून घेत नाही. मग पँटच्या गुडघ्यांना फुगे येतात, मागची बाजू लोंबते आणि माणूस कितीही पळाला तरी सुटलेलाच दिसतो.

हे आमच्या धुणंभांड्याच्या मावशींना पटवणं हा माझ्या कारकिर्दीतला सर्वांत अवघड भाग. सुनेची पळायची काळी पँट त्या कडक ब्रशने घासत होत्या.

“मावशी, घासू नका ते.”

“काका, अहो वास बघा की किती मारतोय! घासल्याबिगर कसा जाईल?”

“आत पाण्यात बुडवून ठेवा नुसतं. नुसतं चुबकायचं. पिळायचंही नाही.”

त्या ब्रश हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. इतक्यात आईने आतून विचारलं, “आपटायचं नाही, घासायचं नाही, पिळायचं नाही, ऊन दाखवायचं नाही. अरे, हे धुणं आहे की पथ्य?”

पथ्यच आहे. ते कपड्याच्या आतल्या चिठ्ठीवर लिहिलेलंही असतं, पण चित्रलिपीत. आईने एकदा चष्मा लावून ती चिठ्ठी वाचली. टबात हात: “हाताने धुवा, बरोबर.” त्रिकोणावर फुली: “डोंगरावर जाताना घालू नका.” (खरा अर्थ, ब्लीच नको.) चौकोनात वर्तुळ आणि त्यावर फुली: “हे काय, गॅसवर ठेवू नका?” तसं म्हटलं तर आई फार चुकली नव्हती. ती खूण गरम हवेत कपडे घुसळून वाळवणाऱ्या यंत्रासाठी असते. असं यंत्र आपल्याकडे क्वचित कोणाकडे असतं. आपण ज्याला ड्रायर म्हणतो तो सेमी ऑटोमॅटिक मशीनचा शेजारचा गरगर फिरणारा डबा. तो तापत नाही, फक्त पाणी झटकतो. तेव्हा चिठ्ठीवर ‘ड्रायर नको’ वाचून ठिबकते कपडे तसेच टांगणाऱ्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या सद्गृहस्थांना इथे कळवतो, की तुमच्या डब्याला बंदी नाही. थोडा वेळ फिरवा. आमच्या पापडांवर पाणी पडतं.

खरा गरम ड्रायर न्यू जर्सीतल्या आमच्या भाच्याकडे आहे. त्याचे सुती टी-शर्ट त्यातून निघतात ते थेट त्याच्या मुलाला होतात. घरात काही वाया जात नाही म्हणून त्याची बायको खूश आहे.

आता वासाचं. पॉलिएस्टरला पाण्याचं वावडं आहे. साधारण हवेत सूत आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओल धरून ठेवतं, तर पॉलिएस्टर अर्धा टक्कादेखील नाही. म्हणून ते झटपट वाळतं. पण पाण्याशी फटकून वागणारा हा धागा तेलाला मात्र मिठी मारतो, आणि आपल्या अंगातून घामाबरोबर तेलही निघतं. ते धाग्यात मुरतं आणि त्यावर जिवाणू पोसले जातात. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. २६ माणसांना जागच्या जागी सायकल चालवून घामाघूम केलं, त्यांचे टी-शर्ट २८ तास अंधारात ठेवले आणि मग ते हुंगायला प्रशिक्षित माणसं बसवली. पॉलिएस्टर सुतापेक्षा वाईट वास मारतं, आणि मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू त्यावर विशेष फोफावतात, असं निघालं. एवढ्यासाठी बेल्जियममध्ये माणसं जमवायची काय गरज होती, मला कळत नाही. सकाळी घाटकोपरला मेट्रोच्या जिन्याखालून लोकलमध्ये शिरले असते, तर याच्या दसपट नमुने एका डब्यात मिळाले असते. हुंगणारेही तिथे सगळे अनुभवीच.

वास आला की घरातली पहिली प्रतिक्रिया म्हणजे साबण वाढवणे, आणि दुसरी म्हणजे शेवटच्या पाण्यात सुगंधी निळं औषध ओतणे. दोन्ही घातक. जास्तीचा साबण नीट निघत नाही आणि धाग्यांतच बसून राहतो. ते निळं औषध तर कपड्यावर मऊ, मेणचट थर चढवतं. तो थर घाम शोषून बाहेर फेकण्याचं कपड्याचं कामच बंद पाडतो आणि वासाला आत कोंडतो. मग कपड्याला गुलाबाचा आणि घामाचा असे दोन्ही वास एकदम येतात, आणि त्यातला घामाचा बरा वाटतो. त्यापेक्षा पळून आल्या आल्या कपडा उलटा करून साध्या पाण्यातून काढावा. तेलकट बाजू आतली असते. फारच मुरला असेल, तर बादलीभर गार पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवावा, मात्र ब्लीच त्याच्या आसपासही आणू नये. आमच्या घरी व्हिनेगर चिरंजीवांच्या चायनीजसाठी येतं. आता ते दोन खात्यांत विभागलेलं आहे आणि त्यावरून वाद आहेत.

गार पाणी म्हणजे ३० अंशांच्या आत. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी नळाला येतं ते हाताला चटका देतं. त्यामुळे हे धुणं सकाळीच उरकावं. जीन्स आणि टॉवेल यांच्याबरोबर पॉलिएस्टर कधीही टाकू नये. जीन्सच्या बटणांनी धागे निघतात, घर्षणाने बारीक गोळे येतात आणि टॉवेलची लव चिकटते ती पुढच्या मॅरेथॉनपर्यंत. भाजीच्या जाळीच्या पिशवीत घालून टाकलं तर उत्तम. पिशवीत आधी कोथिंबीर नव्हती ना, एवढं बघावं.

वाळवण्याच्या बाबतीत आपल्या उपनगर जिल्ह्याला मोठी परंपरा आहे. वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवासात राहणारा अकरा वर्षांचा एक मुलगा शिवाजी पार्कावर आचरेकर सरांच्या उन्हाळी शिबिराला जायचा. त्याच्याकडे क्रिकेटच्या कपड्यांचा एकच जोड होता. सकाळचा खेळ संपला की कपडे धुवायचे, जेवण होईपर्यंत उन्हात वाळवायचे, तेच घालून दुपारी खेळायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. सचिन तेंडुलकरने २०१४ सालच्या आत्मचरित्रात हे सांगितलं आहे, आणि त्यात एक तपशील असा आहे की वाचून माझ्यातला खातेप्रमुख ताडकन उठून बसला. सगळं वाळायचं, फक्त पँटचे खिसे वाळायचे नाहीत. अख्खं शिबिर पोरगं ओल्या खिशांनी खेळलं. साहजिक आहे. खिसा म्हणजे आत दडलेला दुहेरी कपडा, तिथे ना वारा पोचत ना ऊन. पँट उलटी करून, खिसे बाहेर ओढून टांगली असती तर वाळले असते. शंभर शतकं करणाऱ्या माणसाला मी शहाणपण शिकवतोय याची मला जाणीव आहे, पण हा विषय माझ्या खात्यात येतो. शिवाय ते उन्हाळी शिबिर होतं. जुलैत असतं तर खिसेच काय, पोरगं टोपीसकट ओलं राहिलं असतं.

कारण पावसाळा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवसाचं सोडा, साध्या जुलैतही आमच्याकडे हवा इतकी भरलेली असते की कपड्यातलं पाणी जाणार कुठे? बिल्डर ज्या कोपऱ्याला ‘ड्राय बाल्कनी’ म्हणून पैसे लावतो, तो या दिवसांत घरातला सगळ्यांत ओला कोपरा असतो. मग छताच्या पुलीवरच्या दांड्या, पंख्याखाली खुर्च्यांच्या पाठी, दारांच्या कड्या आणि फ्रिजची मागची ऊब, जिथे मोजे वाळतात. पाहुणे आले की आधी मॅरेथॉनच्या टी-शर्टांचा पडदा बाजूला सारावा लागतो. या बाबतीत मात्र पॉलिएस्टरला मानलं. दोन कपड्यांत हातभर अंतर ठेवून पंख्याखाली रात्रभर टांगलं की सकाळी तयार. उन्हाची त्याला गरजच नाही, उलट कडक उन्हाने रंग विटतो आणि लायक्रा चिवटपणा सोडते. आईची सुती पातळं तिसऱ्या दिवशीही कुबट असतात, आणि ती माझ्याकडे अशी बघते जणू मी पक्ष बदललाय.

नातीच्या पोहण्याच्या कपड्याचं दोन वाक्यांत सांगतो. ती पोहते पालिकेच्या प्रियदर्शनी इंदिरा गांधी संकुलात, जिथे आवारातच कालिदास नाट्यगृह आहे. तलावातल्या क्लोरीनने लायक्रा कुरतडली जाते, म्हणून पोशाख तिथेच शॉवरखाली साध्या पाण्याने खळबळून घ्यायचा आणि मगच नाटकाच्या जाहिराती बघत उभं राहायचं.

इस्त्रीचं तर बोलूच नये. शेजारच्या मुलाने पाठीवर १८ आकडा असलेली जर्सी हौसेने इस्त्रीला दिली. निखाऱ्यांच्या इस्त्रीने १ तेवढा वितळवून उचलला, आणि तो दुसऱ्या कोणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर उमटला. मुलगा आता ८ नंबरचा खेळाडू आहे. शर्टाचे मालक पोस्टातून निवृत्त झालेले, एक नंबरी माणूस.

वाचकांपैकी जे पळतात, उचलतात किंवा पोहतात, त्यांना एकच हात जोडून विनंती आहे. घरी येऊन लगेच धुणं जमलं नाही तरी चालेल, पण ते ओले कपडे जिमच्या बॅगेत चेन लावून रात्रभर कोंडून ठेवू नका. तसेच दोरीवर टाका, निदान वारा लागेल. सकाळी तीच बॅग खांद्याला लावून तुम्ही लोकलमध्ये शिरता आणि ती बरोबर माझ्या नाकाच्या उंचीवर येते.