तेरा किलोमीटर

श्राद्धात गुरुजींनी पणजोबांचं नाव विचारलं की मी बायकोकडे बघतो. अशा माणसावर एका इंग्रज पाहुण्याचा खापरपणजोबा शोधून द्यायची वेळ आली. कारण आमच्या चिरंजीवांनी मँचेस्टरला "बाबा वऱ्हाड कोळून प्यालेत" अशी थाप मारून ठेवली होती.

खापरपणजोबा कापसाचे दलाल. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्या कापसाविना बंद पडू लागल्या आणि साहेबाला वऱ्हाडची काळी माती आठवली. खामगावहून त्यांनी घरी एक पत्र धाडलं. त्यानंतर पत्ता नाही. त्या पत्राची झेरॉक्स पाहुण्याने छातीशी धरली होती.

जलंबला उतरलो. इथून खामगावला जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा जातो. तो खास कापसासाठी टाकलेला; 1870 मध्ये उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. ही विद्वत्ता मी पाहुण्याला पिवळ्या पाटीपुढे उभं करून, फोटो काढता काढता पाजळत होतो. "जरा डावीकडे... अजून..." तेवढ्यात फोटोतली मागची गाडी हलली. ती खामगावची होती.

पुढची गाडी कधी, यावर फलाटावरच्या तिघांनी चार वेळा सांगितल्या. शेवटी कापसाने शिगोशीग भरलेला एक छोटा हत्ती थांबला. पुढे जागा नव्हती. आम्ही कापसावर चढलो. पाहुणा छातीपर्यंत रुतला. मी नुकताच कलप लावला होता, तो पाच मिनिटांत वाया गेला.

वर माल दाबत एक म्हातारे शेतकरी बसले होते. पाहुणा कोण ते मी सांगितलं. ते बराच वेळ त्याला न्याहाळत राहिले.

"मंग तवा कापसाले काय भाव देल्ला यायच्या आज्यानं?"

पाहुण्याने झेरॉक्स काढली, वाचली आणि लाल झाला. पत्रात लिहिलं होतं, इथले शेतकरी भाव फार मागतात.

"जिनिंगवालाबी हेच म्हंते!" म्हातारे गदगदून हसले. मग त्यांनी पाहुण्याच्या पाठीवरचा कापूस हाताने हळूहळू झाडला, शाळेत निघालेल्या नातवाचा झाडावा तसा.

जिनिंगबाहेर गाड्यांची रांग टोक दिसेना इतकी लांब. "आज रातभर लाईनमंदीच," ते म्हणाले. पाहुण्याने खापरपणजोबांबद्दल पुन्हा काही विचारलं नाही; थर्मासमधला चहा तेवढा त्यांच्या हातात दिला.

"अन् तुमचे पंजे कुठचे?" म्हाताऱ्यांनी मला विचारलं.

मी सवयीने बायकोकडे वळलो. ती पुण्यात होती.